साहेबवाली हाइट

क्षितिजा गोठोस्करची मागणी काही फार मोठी नव्हती. स्वयंपाकघरातला ओटा तिला तिच्या उंचीचा हवा होता, एवढंच. सिल्व्हर पार्कमधला त्यांचा फ्लॅट ज्या बिल्डरने बांधला, त्याने ओटा बांधताना कोणाची उंची डोळ्यासमोर ठेवली होती देव जाणे. (बहुधा त्याला जेवण थेट ताटातच मिळायचं.) क्षितिजा अंगाने ठेंगणी. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करत होती. फोडणीसाठी पाटावर चढ, फ्रीजसाठी उतर, पोळ्यांसाठी परत चढ. भाईंदर पश्चिमेच्या पतपेढीतली नोकरी करून वर ही कवायत, त्यामुळे संध्याकाळ झाली की तिची कंबर बोलायला लागायची.

"गणपतीच्या आत मला माझ्या कोपराएवढा ओटा पाहिजे," एका रविवारी तिने जाहीर केलं. "आता पाट नको. मी चंदनला फोन करते, तो करून देईल."

चंदन म्हणजे बाजूच्या विंगमध्ये लाद्या बसवून गेलेला मिस्त्री. काम चोख, बोलणं गोड. तिने तो फोन केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तिचा नवरा आज सुखात असता.

पण तिचा नवरा, यतीन गोठोस्कर, एका बांधकाम कंपनीत काँट्रॅक्ट्स मॅनेजर होता. इमारती आपल्या कागदांवर उभ्या राहतात अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. (विटा-सिमेंटही लागतं, हे त्याच्या कानावर आलं होतं.) साइटवर प्लंबरने नळ उलटा बसवला, तर चूक नेमकी कोणाची हे तो कलमासकट सिद्ध करून दाखवायचा. नळ उलटाच राहायचा, ती गोष्ट वेगळी.

"मिस्त्रीला डायरेक्ट फोन?" यतीन दचकला. "अगं, असं नसतं करायचं. आपण काम देणार मेन काँट्रॅक्टरला, म्हणजे अल्पेशला. तो देईल सब-काँट्रॅक्टरला. तुला काही सांगायचं असेल तर मला सांग. मी अल्पेशला सांगेन, अल्पेश त्याच्या माणसाला सांगेल. याला चॅनेल म्हणतात."

"आणि अल्पेशचा माणूस कोण?"

"ते आपण बघायचं नसतं."

अल्पेशचा माणूस चंदनच निघाला. पण आता तो चॅनेलमधून आलेला चंदन होता, त्यामुळे क्षितिजाला त्याच्याशी बोलायची सोय उरली नाही.

यतीनने करार लिहायला घेतला आणि ओट्यापेक्षा जाड करून सोडला. क्षितिजाने तो चाळला. "यात माझी उंची कुठे आहे?"

"आकडा लिहिला की आपण अडकतो," यतीन समजावणीच्या सुरात म्हणाला. "हे बघ: 'ओट्याची उंची वापरणाऱ्या व्यक्तीच्या कोपराप्रमाणे, प्रत्यक्ष जागेवर माप घेऊन ठरवावी.' सगळं आलं ना?"

"मग माप द्यायला मी थांबते."

"तू तर अजिबात थांबायचं नाहीस! मालक साइटवर असला की कामाचा विचका होतो. तू वसईला रुचिताकडे जा. ओटा तयार झाला की बोलावतो."

धाकट्या बहिणीकडे चार दिवस आयतं खायला मिळणार म्हणून क्षितिजा गेली. तेवढीच कंबरेला विश्रांती.

दुसऱ्या दिवशी चंदन टेप घेऊन हजर झाला. रिकाम्या स्वयंपाकघराकडे एकदा नजर टाकून त्याने रीतसर प्रश्न केला.

"साब, किचन में खडा कौन रहेगा?"

यतीन खूश झाला. कामावर उभं कोण राहणार, देखरेख कोणाची, हे आधीच विचारणारा मिस्त्री त्याला आजवर भेटला नव्हता.

"मैं!" तो छाती काढून म्हणाला. "और कौन? सुबह से रात तक मैं ही खडा रहेगा."

"और मॅडम?"

"मॅडम का किचन में कोई काम नहीं."

चंदन त्याच्याकडे बघतच राहिला. "इतने किचन बनाये साब," तो हळूच म्हणाला, "ऐसा आदमी पहली बार देखा. मॅडम बहुत नसीबवाली है."

"वो उसको समझता नहीं ना," यतीन म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घोडबंदरच्या साइटवरचा सुतार पळाला होता. यतीन फोन कानाला लावून, कोपर वाकवून, सुतार पुरवणाऱ्या ठेकेदाराला कलमं ऐकवू लागला. चंदनने टेपचं टोक त्याच्या पायापाशी धरलं, टेप कोपरापर्यंत ओढली आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. कोपराला गुदगुल्या झाल्या हे यतीनला कळलं. पण मिस्त्री लोकांना सारखं काहीतरी मोजायची सवयच असते, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. यतीन बसल्या जागीही उंच दिसायचा. उभा राहिला की पंखा सांभाळावा लागायचा.

संध्याकाळी वसईहून क्षितिजाचा फोन आला. "माप घेतलं?"

"घेतलं."

"कसं घेतलं? मी तर इथे आहे!"

"चॅनेलने," यतीन म्हणाला.

ओटा झाला झकास. काळा ग्रॅनाइट, अख्खा एक तुकडा, खाली कप्पे घट्ट बसवलेले, सिंक त्यातच कापलेलं. यतीनने त्यावर चहाचा कप ठेवला आणि त्याला जाणवलं की आयुष्यात पहिल्यांदाच ओट्यावर काही ठेवताना आपण वाकलो नाही. चांगल्या कराराचा परिणाम, असं त्याला वाटलं. त्याने बायकोला बोलावून घेतलं, अल्पेश आणि चंदनलाही पेढे खायला थांबवलं, आणि क्षितिजाचे डोळे झाकून तिला स्वयंपाकघरात नेलं.

डोळे उघडले तेव्हा ओट्याची कड तिच्या छातीला टेकली होती. जुन्या ओट्यावरच्या कढईत तिला निदान पाटावरून डोकावता यायचं. इथे कढई ठेवली असती तर आत काय शिजतंय ते आतल्या वांग्यालाच विचारावं लागलं असतं. तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिने घराकडे स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती.

"अल्पेश!" यतीन गरजला. "ये क्या है? तोडो!"

"अरे यतीनभाई, मैंने तो चंदन को पूछा था, मॅडम के हिसाब से लिया ना?" अल्पेशने पेढा तोंडात टाकला. "वो बोला, मॅडम नहीं, साब खुद पकायेगा. मैं बोला, सारू छे, अपने को क्या! और तोडने का नहीं हां. तुम्हाराच कलम है. माप एक बार मान्य, बाद में जो तोडफोड, वो मालिक के माथे."

कलम यतीनचंच होतं. त्यात पळवाट नव्हती. त्याचाच त्याला अभिमान होता.

क्षितिजाने डोळे पुसले. "चंदनभैया, साब ने क्या बोला था?"

चंदनने शब्द न् शब्द सांगितला. सुबह से रात तक मैं ही खडा रहेगा. मॅडम का किचन में कोई काम नहीं. वर त्याने आपल्याकडून जोडलं, "मॅडम, आप बहुत नसीबवाली हो."

क्षितिजाने आधी ओट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिचा चेहरा हळूहळू असा काही उजळला की यतीन दोन पावलं मागे सरकला.

"काही तोडायचं नाही," ती म्हणाली. "ओटा अगदी बरोबर आहे. इतकी वर्षं त्याच्यासमोर माणूस चुकीचा उभा होता."

चार दिवसांत राग जाईल, असा यतीनचा हिशेब होता. राग नव्हताच, तर जाणार कुठून? आठवडाभर स्वतःच्या हातचा भात आणि अंडी झाल्यावर त्याने अखेर आपली विद्या वापरली आणि स्वयंपाकाचं काम सब-काँट्रॅक्टवर द्यायचं ठरवलं. जवळच्या राई गावातून स्वयंपाकाला जिजाबाई आल्या. त्यांनी दारातूनच ओटा बघितला.

"ह्यो ओटा हाय का गच्ची?" त्या म्हणाल्या. "माजा हात न्हाय पोचाचा, भाऊ. मना न्हाय जमाचा."

"क्षितिजा, तो पाट कुठे आहे गं?" यतीनने ओरडून विचारलं.

पाट हॉलमध्ये होता. त्यावर क्षितिजाचे पाय होते आणि समोर टीव्ही चालू होता. "पाट माझा आहे," ती म्हणाली. "तो तुझ्या करारात नाही."

त्या वर्षीचे मोदक यतीनने केले. गणपतीने ते मुकाट्याने स्वीकारले. त्याला काही बोलता येत नाही. पण दर्शनाला आलेल्या बायका देवाला नमस्कार उरकून सरळ स्वयंपाकघरात जायच्या, ओट्यावरून हात फिरवायच्या आणि जाताना चंदनचा नंबर मागायच्या. दिवाळीपर्यंत चंदनला फुरसत राहिली नाही. बायका फोनवर फक्त एवढंच सांगायच्या, "भैया, वो गोठोस्करसाबवाली हाइट." लिफ्टमध्ये यतीन शिरला की बिल्डिंगमधले नवरे जिन्याने जायला लागले.

असाच एक दिवस तो पोळ्या लाटत असताना ऑफिसच्या कौस्तुभसरांचा घरून फोन आला. सर म्हणजे कंपनीचे डायरेक्टर, सगळे करार त्यांच्याच सहीने व्हायचे.

"गोठोस्कर, एक टेक्निकल अडचण आहे," सर दबक्या आवाजात म्हणाले.

यतीनचा जीव भांड्यात पडला. एवढ्या दिवसांनी कोणीतरी त्याच्या विषयातलं विचारत होतं. "बोला सर! कलम कोणतं?"

"कलम नाही हो. तुमच्या त्या चंदनने आमच्याकडेही ओटा केला. पोळी तव्याला चिकटतेय. काय करायचं?"

यतीनला माहीत नव्हतं. त्याने फोनवर हात ठेवला आणि हॉलच्या दिशेने मान वळवून, शक्य तितक्या आर्जवाने विचारलं, "क्षितिजा, पोळी तव्याला चिकटली तर काय करतात गं?"

पाटावरचे पाय जराही हलले नाहीत.

"मॅडम का," हॉलमधून आवाज आला, "किचन में कोई काम नहीं."

फोनच्या दोन्ही टोकांना एकदमच पोळी करपली.