उत्तराशिवाय न सुटणारी गाडी

आमच्या सोसायटीतल्या बबनभाऊंची गाडी किल्लीवर चालू होत नाही, उत्तरांवर होते. म्हणजे किल्ली आहे, भाऊ ती फिरवतातही. पण त्याआधी डाव्या सीटवर बसलेल्या माणसाची तोंडी परीक्षा होते आणि तो पास झाल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

मी तळेगावच्या शाळेत शिकवते. एका सकाळी माझी एसटी चुकली, तेव्हा भाऊ म्हणाले, "बसा बाई, सोमाटण्याला चाललोय, वाटंत सोडतो." मी बसले, पर्स मांडीवर घेतली. भाऊ समोर बघत म्हणाले, "पट्टा?"

"हो."

"हो न्हाई. लावला म्हना."

"लावला."

"पट्टा लावला," भाऊंनी माझं उत्तर मोठ्यानं परत म्हटलं. "दार?"

"बंद."

"दार बंद. डावा आरसा?"

मी आरशात डोकावले. माझ्या जागेवरून त्यात कंपाउंडची भिंत दिसत होती. "भिंत," मी म्हणाले. भाऊंनी सुस्कारा सोडला आणि इंडिकेटर, वायपर, हँडब्रेक असं सगळं पहिल्यापासून घेतलं. वीस वर्षं मी मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या, पण त्या मुलांचं काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

भाऊंनी उमेदीची वर्षं घालवली घाटात. कर्जतहून चढणाऱ्या रेल्वेगाड्यांना मागून रेटा द्यायला जी इंजिनं लावतात, त्यांवर ते ड्रायव्हर होते. तिथं केबिनमध्ये दोघं असतात. एकानं सिग्नल बघून मोठ्यानं म्हणायचा, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच परत म्हणायचा. नोकरी संपली, पण ही सवय भाऊंनी फंडासारखी घरी आणली. "बोलल्याबिगर झालं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला असं कुणी हातानं खुणावलं, तरी भाऊ गच्चीखाली उभे राहून ओरडायचे, "तोंडानं बोला. बोलल्याबिगर झालं न्हाई."

रविवारी गाडीची कवायत असे. गरज असो वा नसो, चारही काचा खालीवर व्हायच्या. ऐन थंडीत एसी लागायचा, मे महिन्यात मागच्या काचेचं धुकं घालवायचं बटण दाबलं जायचं. स्टेपनी बाहेर काढून तिची हवा बघायची, वायपरचं रबर ओल्या फडक्यानं पुसायचं, काचेवर उडवायच्या पाण्याची बाटली गाळलेल्या पाण्यानं भरायची. मी एकदा विचारलं, "भाऊ, स्टेपनी कधी वापरली तरी आहे का?" तर म्हणाले, "न्हाई. पन तिला वाटाया पायजे ना, आपली कुनाला तरी आठवन हाय." आमचे सेक्रेटरी एकदा खंडाळ्याच्या धुक्यात आतून वाफ धरलेली काच रुमालानं पुसायला गेले. भाऊंनी गाडी बाजूला घेतली, एसीची हवा काचेकडे कशी वळवायची ते दाखवलं आणि मग त्यांच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. तेव्हापासून सेक्रेटरी रिक्षानं जातात.

या परीक्षेत कायम पहिला नंबर हिरावहिनींचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा. त्या मांडीवर मेथी निवडत बसायच्या आणि मान वर न करता उत्तरं द्यायच्या. "लावला. बंद. साफ. खाली." कधी कधी भाऊंचा प्रश्न यायच्या आधीच उत्तर यायचं, आणि भाऊ चिडायचे, "आधी इचारू तर दे." वहिनींनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता, पण त्यांच्याशिवाय ती गाडी सुटत नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्याचा त्यांना तोराही होता.

गेल्या वर्षी वहिनींना झटका आला. उजवा हात व्यायामानं पुष्कळ सुधारला, पाय सुधारला. बोलणं गेलं ते गेलंच. कळायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. सोसायटी काही दिवस हळहळली आणि मग आपापल्या कामाला लागली.

त्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. रोज सकाळी दोघं गाडीत जाऊन बसायची आणि गाडी कुठंच जायची नाही. कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरायचे, इंडिकेटर टिकटिकायचा, मधूनच हॉर्न. लोक कुजबुजायला लागले, म्हातारा हललाय. शेवटी सेक्रेटरींनी मला पुढं केलं. "तुम्ही शिक्षिका, तुमचं ऐकतील." मीही तावातावानंच गेले, कारण हॉर्न माझ्याच खिडकीखाली वाजायचा.

भाऊंच्या बाजूची काच उघडी होती. वायपर फिरत होते. "वायपर?" भाऊंनी विचारलं आणि थांबले. वहिनी काचेकडे बघत होत्या. ओठ हलत होते, मानेची शीर ताणली गेली होती. वायपर करकरत राहिले. मला ते बघवेना. वर्गात अडलेल्या मुलाला सांगावं तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "चालू."

भाऊ गर्रकन वळले. इतक्या वर्षांत त्यांना मी तसं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "बाई, तिचं उत्तर तुमी घ्यायाचं न्हाई. तिचं हाय ते."

मग खाली उतरून, दोन पावलं बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाले, "घरात मी तिला काय इचारनार? पानी पायजे का, जेवनार का. ती मान हालवती, आमचं भागतं. डॉक्टर म्हनले, असं भागाय लागलं तर वाचा कायमची जाईल. हितं मानेवर भागत न्हाई, तिला ठावं हाय. आली तर हितंच येईल." मग माझ्या खिडकीकडे बघून म्हणाले, "हार्न तेवढा बंद करतो."

मला माझीच लाज वाटली. "राहू दे हॉर्न," मी म्हणाले आणि वर गेले. सेक्रेटरींना सांगितलं, बॅटरी त्यांची आहे, आपल्याला काय करायचंय.

पुढं मंगळवारी त्यांना उपचारासाठी तळेगावला जायचं असलं, की मी मागच्या सीटवर बसून जायला लागले. भाऊ विचारायचे, थांबायचे, पुन्हा विचारायचे. तोंडातून आवाज आला, नुसता "आ" आला, तरी तो धरून गाडी सुटायची. कधी पाव तास लागायचा. मी वह्या तपासत बसायचे.

त्या मंगळवारी मात्र काहीच येईना. ना पट्टा, ना दार. वहिनींचे डोळे भरून आले आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. शाळेत माझ्या वर्गाची परीक्षा होती. मी घड्याळाकडे पाहिलं असणार आणि भाऊंनी ते आरशात टिपलं असणार. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे आज. बाईंना उशीर होतोय." आणि त्यांनी विचारल्याशिवाय किल्ली फिरवली. त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं, या माणसानं आज नुसता नियम नाही सोडला.

गिअर पडला, इंजिन गुरगुरलं, गाडी जागच्या जागी कुंथली.

"ब्रेक," डावीकडून आवाज आला.

जाडसर होता, चिरकाही होता, पण शब्द होता. वहिनी भाऊंच्या हाताशी वर राहिलेल्या हँडब्रेककडे बघत होत्या, चांगल्या रागावून. "ब्रेक," त्या पुन्हा म्हणाल्या.

भाऊंनी इंजिन बंद केलं. हात नेऊन हँडब्रेक खाली केला. आता उत्तर द्यायची पाळी त्यांची होती आणि त्यांना ते देता येईना. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर माझ्या अगदी जिभेवर होतं. मी गप्प राहिले, ते माझं नव्हतं.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि ते बोलेपर्यंत थांबल्या.