खुडूक कोंबडी आणि एक्केचाळीस नाणी

"चोर कितीही बेरकी असू दे, खुडूक कोंबडीच्या पोटाखाली तो हात घालणार नाही!" असं धर्मराज घरतांनी स्वतःशीच ठरवलं आणि त्या दिवशी त्यांना स्वतःच्या डोक्याचा फार अभिमान वाटला.

धर्मराज पनवेलच्या कचेरीत कारकून. जुनी नाणी जमवणं हे त्यांचं एकमेव व्यसन. शिवराई, ढब्बू पैसे, कुठल्या कुठल्या नबाबांचे रुपये, अशी एक्केचाळीस नाणी त्यांनी अठरा वर्षांत गोळा केली होती. एका सराफानं तर त्यातल्या एका रुपयासाठी नवी कोरी सायकल देऊ केली होती! धर्मराज चालत कचेरीत जात राहिले, पण रुपया दिला नाही.

आणि अशात पनवेलीत भरदिवसा दोन घरं फुटली. धर्मराजांची झोप उडाली. नाणी तांदळात लपवली, तर बायको रंभा तांदूळ काढायची. माळ्यावर ठेवली, तर उंदीर थैली कुरतडायचे. शेवटी त्यांचं लक्ष पडवीतल्या कवडी कोंबडीवर गेलं. कवडी खुडूक झाली होती. टोपलीतल्या पेंढ्यावर नुसतीच बसून राहायची आणि जवळ येईल त्याच्यावर फौजदारासारखी डाफरायची. धर्मराजांनी दोन टोचे खाल्ले, थैली पेंढ्याच्या तळाशी सरकवली आणि कुणालाही, अगदी रंभेलाही, सांगितलं नाही. गुपित म्हणजे गुपित!

चौथ्या दिवशी कचेरीतून आले तर पडवी रिकामी.

"रंभे! कोंबडी कुठंय?"

"मालूला दिली. तिच्याकडं अंडी होती, पण बसायला खुडूक कोंबडी नव्हती. टोपलीसकट घेऊन गेली कामोठ्याला."

"टोपलीसकट?"

"मग काय पदरात बांधून देऊ? आणि तुम्ही एवढे पांढरे का पडलात?"

"मला... मला तिची सवय झाली होती."

रंभा त्यांच्याकडे बघतच राहिली. "माझ्या माहेरी जाण्यानं कधी एवढा चेहरा पडला नव्हता तुमचा!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून धर्मराज उसन्या सायकलवर कामोठ्याला निघाले. मालू ही रंभेची धाकटी बहीण. तिचा नवरा काशीराम मिठागरावर गेला होता, मालू विहिरीवर. घरात चिटपाखरू नाही. कोपऱ्यात टोपली, टोपलीत कवडी!

"देव पावला," म्हणत धर्मराजांनी बाह्या सरसावल्या. आड आलेलं एक अंडं डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात पेंढ्यात खुपसला. कवडीनं असा टोचा हाणला की धर्मराजांची किंकाळी खाडीपर्यंत गेली असेल!

"चोर! चोर! अंडीचोर!" शेजारची म्हातारी गुणाबाई काठी घेऊन दारात उभी!

बघता बघता अर्धं गाव जमलं.

"अहो, मी चोर नाही! मी मालूचा दाजी!"

"मालूचा दाजी कचेरीत साहेब हाय," गुणाबाई म्हणाली. "तो कशाला अंडी चोरंल?"

इतक्यात डोक्यावर हंडा घेऊन मालू आली. "अगं बाय! दाजी? तुमी?"

पन्नास डोळे धर्मराजांवर रोखलेले. खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत नाण्यांची बातमी पंचक्रोशीत पोचणार. धर्मराजांनी हातातल्या अंड्याकडे पाहिलं आणि अठरा वर्षांच्या संग्रहासाठी अब्रूवर पाणी सोडलं.

"हो. अंडंच हवं होतं."

गावानं "अरेरे!" केलं. मालूनं गुपचूप त्यांना जेवायला वाढलं आणि जाताना सहा अंडी बांधून दिली. टोपलीजवळ मात्र जाऊ दिलं नाही. "आता एकवीस दिस कुनी हात नाय लावायचा, दाजी. अंडी नासतात."

मग दर रविवारी धर्मराज कामोठ्याला! "कोंबडी कशी आहे?" एवढंच विचारायचे आणि लांबून टोपली न्याहाळायचे. गुणाबाई काठी मांडीवर घेऊन पहाऱ्याला बसलेली. मालू भाकरी, कोलंबीचं कालवण वाढायची, काशीराम मिठागराच्या गप्पा सांगायचा. तिसऱ्या रविवारी तर रंभाही सोबत आली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण बायकोच्या नातेवाइकांशी धर्मराज इतके कधी बोलले नव्हते. परतताना आपण खुशीत आहोत हे लक्षात येऊन त्यांना जरा अपराध्यासारखंच वाटलं.

एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. त्यानंतरच्या रविवारी मालूनं धर्मराजांना मागच्या दारी बोलावलं आणि थैली हातात ठेवली.

"तुमी अंड्यांसाठी येनारं मानूस नाय, हे मला पयल्याच दिशी कळलं व्हतं. पिल्लं निघाली तवा पेंढा काढला, तर ही! कुनाला बोलले नाय मी."

धर्मराजांना भरून आलं. त्यांनी थैली उघडली आणि डोळेच दिपले! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नाणी लखलखत होती.

"लई काळी पडली व्हती, दाजी," मालू कौतुकानं म्हणाली. "दोन दिस चिंच आनि राख लावून घासली. कशी झाली?"

शेकडो वर्षांचा काळ तिनं दोन दिवसांत धुऊन काढला होता! शिवराई नाण्यांवरची अर्धी अक्षरंही त्याबरोबर गेली होती. धर्मराजांनी नाण्यांकडे पाहिलं, मग चिंचेनं सोललेल्या तिच्या बोटांकडे पाहिलं.

"झकास!" ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात ठाण्याचे एक जाणकार गृहस्थ मुद्दाम संग्रह बघायला आले. भिंग लावून त्यांनी एकेक नाणं निरखलं, मान डोलावली आणि आदरानं विचारलं, "घरत साहेब, ही कुठून पाडून घेतलीत? हुबेहूब जुन्यासारखी दिसतात हो!"