आक्कासाहेबांच्या भोपळ्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी माथा ठेवोन, सरस्वतीपाशी चार नीट शब्द मागोन, भोपळ्याचे वर्तमान लिहितो. शके सत्राशे दोन, शार्वरीनाम संवत्सरी, राज्यात सुभानराव महाराज गादीवर असता, त्यांस शत्रूचे भय नव्हते, परंतु वडील भगिनी आक्कासाहेब नऊ वर्षे माहेरी आल्या नव्हत्या, हे शल्य होते. कारण ऐसे की, मातोश्री वारल्या त्याच साली महाराजांनी त्यांची परसबाग मोडून तेथे तबेला बांधिला, आणि आक्कासाहेब रागे भरोन सासरी निघोन गेल्या. दर दिवाळीस पालखी धाडावी आणि ती रिकामी परतावी, ऐसे चालले. मग यंदा महाराजांनी स्वहस्ते पत्र लिहिले, त्याचे उत्तर आले की, "आई आपल्या परसबागेतील भोपळ्याचे धोंडस करीत असे. त्याच जागी तू आपल्या हाताने भोपळा लावलास आणि तो धरला, तर भाऊबीजेस येईन. विकतचा मला ओळखू येतो."

मग महाराजांनी तबेला हलविला, आणि आषाढात आळी करोन बिया स्वतः पेरिल्या, आणि नऊ वर्षांची लीद मुरलेली, म्हणोन वेल ऐसा माजला की पाने छत्रीएवढी जाहली. फुलेही उदंड आली. महाराजांस परम संतोष जाहला, आणि वेलास कीड लागो नये म्हणोन चार शिपाई चवऱ्या देऊन अष्टौप्रहर उभे केले. परंतु फूल उमलावे, खालचे बोराएवढे फळ पिवळे पडावे आणि गळावे. ऐसी वीस फळे गळाली. महाराजांस अन्न गोड लागेना. दिवाणजींनी मसलत दिली की शिपाई आठ करावे, आणि तेही केले, तरी फळे गळतच राहिली. तेव्हा बहिणा म्हणोन वृद्ध माळीण होती, तीस बोलाविले. ती वेलाभोवती फिरोन पुसती जाहली, "महाराज, हे चवऱ्या कोणावर ढाळतात?"

"किड्यांवर."

"आन् भुंगे, माश्या?"

"एक फिरकू दिली नाही!" महाराज अभिमाने बोलिले.

"मग फळ धरवणार कोण? हे शिपाई?"

शिपाई भुईकडे पाहू लागले. मग बहिणेने समजाविले की नरफुलातील पराग मादीफुलास लागला तरच फळ धरते, आणि ते काम भुंग्यांचे. आता दिवस थोडे उरले, तर हातानेच करावे. महाराजांचे मुख लाल जाहले, परंतु दुसरे दिवशी सकाळी चिखलात गुडघे टेकोन, नरफुलाच्या पाकळ्या काढोन ते मादीफुलास हलकेच लाविले, आणि शिपायांस पाठ फिरवोन उभे राहण्याचा हुकूम जाहला. ऐसी तीन फळे धरली. एक पावसाने कुजले, दुसरे साळिंदराने खाल्ले, तिसरे महाराजांनी पेंढ्यावर निजवोन लेकरासारखे सांभाळिले.

मग भाऊबीजेस आक्कासाहेबांची पालखी दाराशी आली, आणि महाराजांनी त्यांस थेट परसात नेले. आक्कासाहेबांनी भोपळ्यावर बोटे वाजविली आणि विळी आणविली. महाराज आडवे आले.

"आक्का, आजचा दिवस राहू दे. फार चांगला जाहला आहे."

"अरे, नऊ वर्षांनी आले ती याचे दर्शन घेऊन परत जाऊ काय? सरक!"

महाराज सरकले. मग आक्कासाहेबांनी भोपळा किसोन, त्यात रवा, गूळ आणि तूप कालवोन टोपात घातला, आणि खाली-वर निखारे ठेविले. निखारे फुलविण्याचे काम महाराजांनी हट्टाने मागोन घेतले, आणि आनंदाच्या भरात इतुका वारा घातला की धोंडसाचा तळ काळा जाहला. आक्कासाहेबांनी घास घेतला.

"करपले आहे," त्या बोलिल्या.

महाराजांनी मान खाली घातली. तो आक्कासाहेबांनी ताट पुढे केले.

"वाढ की! करपले म्हटले, नको नाही म्हटले."

तेव्हा महाराजांचे डोळे भरोन आले, आणि त्यांनी धुराचे निमित्त सांगितले.

मग आक्कासाहेब महिनाभर माहेरी राहिल्या, आणि तबेला पुन्हा त्या जागी आला नाही. येणेप्रमाणे जाहले तैसे लिहिले. धोंडसाच्या चवीविषयी लिहिणारास विचारू नये. ताट दिवाणजींपर्यंत आले आणि तेथेच संपले.