कुमुदताईंनी तपासलेली जागा

आमच्या विचुंब्याच्या सोसायटीतल्या कुमुदताई कुठेही बसायच्या आधी जमिनीचा उतार विचारतात. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, अगदी माझ्या घरीसुद्धा. मी खुर्ची पुढे केली, की या ओणव्या होऊन तिचे चारही पाय बघणार. "एक पाय दगडावर आला, की संपलं."

त्यांना तरी काय बोलायचं? निवृत्त होईपर्यंत बाईंनी एकच काम केलं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेले फोटो बघायचे आणि तिथे गाडी कुठे उतरवता येईल ते शोधायचं. उतार किती, धूळ किती, दगड किती. आपली गाडी अजून गेलेली नाही. पण ताईंच्या मते जागा तयार आहे, उगाच घाई करू नये.

फोटोत दगड दिसत नाही म्हणे, त्याची सावली दिसते. म्हणून ऊन कललं की ताई मोबाइल घेऊन गच्चीवर. वरून सोसायटीच्या आवाराचे फोटो काढायचे. दुपारी चुकूनही नाही. "दुपारचा फोटो सगळ्यांनाच गुळगुळीत दाखवतो."

याला कारण त्यांचे यजमान, भास्करराव. आवारातल्या उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून ते पडले. हाड जुळलं, पण धीर सुटला तो सुटलाच. चालला नाहीत तर पाय कायमचे आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं. भास्करराव म्हणाले, घरातच बरं आहे. मग ताईंनीही हट्ट धरला, की जिन्यापासून आवारातल्या बाकापर्यंत बिनधोक वाट शोधायचीच.

एका सकाळी बाकाभोवती फक्कीचं भलंमोठं लंबवर्तुळ उमटलं. "यान नेमकं ठिपक्यावर उतरत नाही, एवढ्या भागात कुठेतरी उतरतं," ताईंनी समजावलं. पण ऐकतंय कोण? आमचा वॉचमन उरणकडचा, तो लांबून वळसा घालायला लागला. "ही करणी हाय, वहिनी. मी नाय त्याच्यात पाय टाकणार." दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिथे लिंबूही आणून ठेवलं. ताईंनी ते अडथळा म्हणून उचललं आणि सरबत केलं. मलाही दिलं. प्यायले, काय करता.

शेवटी भास्करराव कबूल झाले, पण अट घालून. "तू बरोबर नकोस. तू धरलंस की मला आधीच पडल्यासारखं वाटतं. वर जा."

ताई गच्चीवर गेल्या, मलाही ओढून नेलं. खाली भास्करराव काठी टेकत निघाले. ताईंनी मोबाइल काढलाच नाही. माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली.

"आता आपल्या हातात काही नसतं हो," त्या पुटपुटल्या. "नुसतं बघायचं."

भास्करराव बाकाजवळ आले. थांबले. आणि बाक सोडून सरळ गेटबाहेरच्या चहाच्या टपरीकडे चालायला लागले.

"तिकडचं मी काहीच बघितलेलं नाही," ताई कठड्यावरून वाकून म्हणाल्या. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"वॉचमनला पाठवू का मागे?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. टपरीवाल्याला भास्कररावांनी दोन बोटं दाखवली. मग एक ग्लास फळीवर ठेवला, दुसरा हातात धरला आणि न पिता गच्चीकडे बघत उभे राहिले.

"गार होईल त्यांचा," म्हणत ताई डोळे पुसत जिन्याकडे धावल्या. मी मागून त्यांच्या चपला घेऊन उतरले.