सदतिसाव्या जुळणीचा खरखराट

खोलीत चार तारांची एक बास गिटार, एक अँप, आवाज बदलणारी तीन पेडल, सगळ्यांवर मिळून अकरा बटणं आणि एक मोजमापराव. प्रयोगशाळेतली नोकरी आणि हातात कायम वही, म्हणून बँडने ठेवलेलं नाव!

"तुझा बास म्हणजे गादीवर पडलेली उशी," ड्रमरने सुनावलं होतं. "रॉकला खरखर लागते. रविवारी मी, गिटारवाला आणि गायिका, तिघं ऐकायला येतो. जमलं तर राहा, नाहीतर दुसरा बघतो."

"हा निव्वळ मापाचा प्रश्न आहे!" मोजमापरावांनी छाती फुगवली.

पाच दिवस त्यांनी बोटांची सालं काढली. तारा पिकने ओरबाडल्या, प्रत्येक जुळणी वहीत नोंदली. गेन, म्हणजे खरखरीचं बटण, वाढवला की खालचा सूर गायब, कमी केला की पुन्हा उशी! सदतिसाव्या जुळणीला मात्र असा आवाज आला, जणू खडीने भरलेला ट्रक घसा साफ करतोय! त्यांनी वहिनींच्या नेलपॉलिशने अकराही बटणांच्या जागा आखून टाकल्या.

रविवारी तिघं खोलीत दाटीवाटीने बसले. मोजमापरावांनी तार छेडली. धुम्म! उशी.

"वहिनी! माझ्या बटणांना हात लावलात?"

"मला काय कळतंय त्यातलं, भावोजी!" आतून आवाज आला. "मी फक्त माझा टाचण्यांचा डबा उचलला. आठवडाभर तुमच्या त्या पेटीवर पडला होता. पडदे कोण शिवणार?"

मोजमापराव आत धावले. डबा आणून अँपवर ठेवला, तार छेडली. खर्र्र! ट्रक हजर. तिन्ही पेडल बंद केली. ट्रक तसाच!

"जरा जास्तच होतंय," गिटारवाला म्हणाला.

"सरका," म्हणत वहिनींनी झाकणावर दोन बोटं टेकवली. खरखर नेमकी बसली. ड्रमरने मांडीवर ठेका धरला, तशी वहिनींची बोटं मात्रेवर उठू-टेकू लागली. गायिका उठून उभीच राहिली!

"हे मीही करीन," मोजमापराव घाईने म्हणाले. "किती ग्रॅमचा दाब देताय?"

"अंदाजाने!"

त्यांनी करून पाहिलं. डबा खाली, टाचण्या खोलीभर.

"झाकण आहे ते, भावोजी. शत्रू नाही."

तिघं जिन्यात कुजबुजून आले, मग वहिनींच्याही कानात कुजबुजले. मोजमापरावांनी सवयीने वही उघडली आणि निकाल लिहून घेतला.

पहिलं मतदान, वहिनींना बँडमध्ये घ्यायचं का: तीनपैकी तीन. दुसरं, वहिनींचंही मत धरून, मोजमापरावांना ठेवायचं का: चारपैकी एक.