वानखडे सरांच्या जोड्या

वानखडे सरांसमोर इंग्रजी नाम एकटं उच्चारायची सोय नव्हती. तुम्ही नुसतं 'रीझन' म्हणालात, की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कोणासोबत?" तुम्ही चाचरत 'ऑफ' म्हणालात, की संपलंच. "फॉर! रीझन फॉर! तिले फॉरच्या घरी दिली आहे बाप्पा. दुसऱ्याच्या दारात कायले उभी करता?"

आमची पहिली भेट अशीच झाली. अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मेलबॉक्सपाशी उभी राहून मी फोनवर एका कुरिअरवाल्याला झापत होते. मी अगदी रंगात आले होते, एवढ्यात मागून आवाज आला, "डिले ऑफ नाही, डिले इन. डिले इन डिलिव्हरी." वळून बघते तर पांढरा शर्ट, पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज आणि हातात वही घेतलेले एक गृहस्थ. हा कोण आगाऊ म्हातारा, असं मनात आलं. पण फोनवर मी निमूटपणे 'डिले इन' म्हणाले. पार्सल काही लवकर आलं नाही ते नाहीच.

संध्याकाळी कळलं, की हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्रसादचे वडील. अकोल्याच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. काकू आदल्या वर्षी गेल्या, म्हणून प्रसाद त्यांना सहा महिन्यांसाठी घेऊन आला होता. गोष्ट दोन हजार पाचची. माझा एच-फोर व्हिसा होता, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. प्रसाद आणि त्याची बायको सुप्रिया दिवसभर ऑफिसात. त्यामुळे बिल्डिंगमधल्या यच्चयावत आईवडिलांना दुकानात, देवळात, दाताच्या डॉक्टरकडे नेण्याचं खातं माझ्याकडे होतं. सर माझ्या गाडीत पुढे बसायचे आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचायचे. "एंट्रन्स टू. शाब्बास. ॲक्सेस टू. वा! इथली पाटी लिहिणारा माणूस घरंदाज आहे."

त्यांचा सिद्धांत असा, की इंग्रजी बोलताना आपल्या लोकांचं घोडं अडतं ते मोठ्या शब्दांपाशी नाही, तर शब्दामागून येणाऱ्या त्या चिमुकल्यापाशी. इंटरेस्ट इन. डिमांड फॉर. इन्क्रीज इन. सोल्यूशन टू. हे नियमानं कळत नाही, कोण कोणाकडे नांदतं ते माहीतच असावं लागतं, असं म्हणायचे. या जोड्या ते वहीत लिहीत. माझा नवरा मंगेश त्यांना विवाह मंडळ म्हणायचा. पण मॅनेजरला ईमेल पाठवायच्या आधी हाच मंगेश लॅपटॉप घेऊन जिना चढायचा, तेही मी बघितलंय.

एवढं सगळं येत असलेल्या माणसाचं एक काम मात्र होत नव्हतं, आणि नेमकं त्याच कामासाठी ते आले होते. त्यांची नात ईशा त्यांच्याशी बोलत नव्हती.

ईशा आठ वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. पोरगी लाघवी होती. माझ्याशी, मंगेशशी, तळ्यावरच्या बदकांशी, सगळ्यांशी तोंड चालू. आजोबांपुढे मात्र चिडीचूप. सर रोज दुपारी साडेतीनला तिला स्कूलबसवरून आणायला जायचे. सर विचारायचे, "व्हॉट इज युअर ओपिनियन ऑफ युअर टीचर?" ती म्हणायची, "शी इज ओके." मग ती पुढे आणि सर तीन पावलं मागे, अशी वरात घरी यायची. एकदा ती आईला म्हणाली, "आबा टॉक्स लाइक अ लेटर." सरांनी ते ऐकलं.

दुसरा कुणी असता तर रागावला असता. सर मला म्हणाले, "पोरगी खरं बोलली. मी पुस्तकातलं शिकवलं. माणसं बोलतात कशी, ते मले कुठं माहीत?" आणि कामाला लागले.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये कपडे धुवायची सार्वजनिक खोली होती. तिथं अमेरिकन बायका यंत्र थांबेपर्यंत गप्पा मारत बसायच्या. सर एक उशीचा अभ्रा घेऊन जायचे, तो यंत्रात टाकायचे आणि वही उघडून कोपऱ्यात बसायचे. रोज. त्या अभ्र्याचा रंग महिन्याभरात उडाला. आणि व्हायचं तेच झालं. ऑफिसात तक्रार गेली, की एक म्हातारा बायकांचं बोलणं लिहून घेतो.

मॅनेजर डोनाबाईंनी बोलावलं, तेव्हा मी सोबत गेले. सर शांत. त्यांनी वही डोनाबाईंपुढे ठेवली. पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पेशन्स विथ. आय हॅव नो पेशन्स विथ धिस ड्रायर. निळा टी-शर्ट घातलेल्या बाई, मंगळवार.' खाली, 'फाइट विथ. आय हॅड अ फाइट विथ माय सिस्टर ओव्हर द पोटॅटो सॅलड.' आणि समासात मराठीत, 'बटाट्यावरून भांडण. आपल्यासारखेच लोक आहेत.'

डोनाबाईंनी मराठीचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्या एवढ्या हसल्या, की डोळे पुसायला कागद घ्यावा लागला. तक्रार मिटली, आणि कपडे वाळवायचा तो ड्रायरही दुरुस्त झाला. पुढे पोहण्याचा तलाव बंद राहण्याची नोटीस लावायच्या आधी डोनाबाई ती सरांना दाखवायच्या.

पण वही भरत गेली तरी ईशा काही बोलेना. सर नव्या जोड्या तिच्यावर आजमावून बघायचे. "ईशा, आय हॅव नो पेशन्स विथ धिस ड्रायर!" ती गोंधळून म्हणायची, "ओके, आबा."

सप्टेंबरात शाळेत आजीआजोबांचा दिवस आला. त्या दिवशी इथं आजीआजोबांना वर्गात बोलावतात. सर आठवडाभर तयारी करत होते. नातीला आणि तिच्या मैत्रिणींना विचारायचे सात प्रश्न पाठ केले. टाय लावून माझ्या गाडीत बसले. घामानं कॉलर ओली झालेली, पण टाय काढायला तयार नाहीत. "शाळेत चाललो आहे, पोरी."

वर्गात सगळ्या आजीआजोबांना बुटक्या खुर्च्यांवर बसवलं होतं. भिंतीवर मुलांनी आपापल्या आजीआजोबांची चित्रं लावली होती. मासे पकडणारे आजोबा, केक करणारी आजी. सर एकेक चित्र बघत ईशाच्या चित्रापाशी आले आणि थांबले. मी मागेच होते.

चित्रात हिरव्या साडीतली, मोठ्या कुंकवाची बाई होती. कानाला फोन. खाली लिहिलं होतं, 'माय आजी कॉल्स मी एव्हरी संडे.' सर त्या चित्रात कुठंच नव्हते.

टीचर जवळ येऊन कौतुकानं म्हणाली, तुमच्या मिसेस का? आज आल्या नाहीत? ईशा खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होती. सर म्हणाले, "नो. शी कुड नॉट कम." आणि बुटक्या खुर्चीवर जाऊन बसले. सात प्रश्नांतला एकही विचारला नाही.

परतताना गाडीत त्यांनी एकही पाटी वाचली नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "फोन तीच लावायची. दर रविवारी अर्धा तास. शेवटी माझ्या हातात द्यायची. मी 'स्टडी वेल' म्हणायचो आणि ठेवून द्यायचो."

मी म्हटलं, "काय बोलायच्या हो काकू एवढं?"

"मले काय माहीत? मी बाजूलाच पेपर वाचत बसायचो." त्यांनी काच थोडी खाली केली. "चौतीस वर्षं मी लोकांच्या चुका ऐकल्या. बोलणं ऐकलंच नाही. मले बोलता येत नाही, पोरी. इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही. घरातलं सगळं बोलणं तीच करायची. म्हणून तर दुसऱ्यांचं लिहून घेत फिरतो."

सिग्नल हिरवा झालेला मला मागच्या गाडीच्या हॉर्नमुळे कळला.

घराशी आल्यावर मी म्हटलं, "सर, आज वही राहू द्या. बसवरून उतरली, की एवढंच विचारा, डब्यात काय खाल्लंस."

"एवढंच?"

"एवढंच."

"त्यानं काय होईल?"

"मला काय माहीत? पण आज्या हेच विचारतात."

साडेतीनला मीही उगाच टपालाच्या निमित्तानं गेटपाशी रेंगाळले. बस आली. ईशा उतरली आणि नेहमीसारखी पुढे चालायला लागली. सरांनी दोनदा घसा साफ केला. टाय अजून तसाच होता.

"काय खाल्लं व आज?"

ईशा थांबली. "पिझ्झा," म्हणाली.

झालं. सरांकडे पुढचा प्रश्न नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी हातातल्या जाहिरातीत डोकं घातलं. ईशानं पाठीवरचं दप्तर सारखं केलं आणि म्हणाली, "आबा, नाऊ यू से, पोट भरलं का."

"पोट भरलं का?"

"नो! आजी सेज, भरलं काऽऽ व."

भर रस्त्यात, टाय लावलेल्या वानखडे सरांनी हेल काढला, "पोट भरलं काऽऽ व?"

"नाही," ईशा म्हणाली. मराठीत. मग थोडं थांबून, अगदी हळू, "देन आजी सेज, मी तिथं असती तर भरवलं असतं."

सरांनी खाली वाकून तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मी आहे ना इथं," ते म्हणाले. "चाल, भरवतो."