गणपतमामांची टिल्ली

देवगाव फाट्यावर मोटार वाइंडिंगच्या दुकानात गणपतमामा डोळे मिटून एकटेच हसताना दिसले, तर समजावं की त्यांनी कोणासाठी तरी नवा खड्डा खणलाय. घाबरू नका. खड्डा कागदावर असतो. विहिरीवरची जळालेली मोटार भरताना तारेखाली जो जाड कागद घालतात, त्याच्या तुकड्यांवर मामा बोगदे काढतात, बोगद्यात खड्डे काढतात आणि खड्ड्यात मला पाडतात.

खुलासा करतो. आमचा शफी मोबाईल दुरुस्त करतो. डिप्लोमाला शहरात होता तेव्हा होस्टेलवर एक खेळ शिकून आला. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि मूठभर फासे, त्यातला एक तर वीस बाजूंचा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतले वीर व्हायचं. वार लागला की चुकला, ते फासा ठरवणार; आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. पुस्तक वाचून सगळ्यांना मराठीत समजावलं मी. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, आणि त्या पदवीचा इतका उघड उपयोग तोवर दुसरा झाला नव्हता. गोष्ट सांगायला मामा बसले, कारण दुकान त्यांचं.

आम्ही वीर तिघं. माझा रणधुरंधर, दोन डोक्यांचा राक्षस त्यानं एकट्यानं लोळवलेला. शफीचा फौलादखान, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. आणि अंगणवाडीच्या शिंदेबाई. त्या घरची मोटार दाखवायला आल्या होत्या, त्या बसल्याच. त्यांची जादूगारीण बोटांतून वीज सोडते.

एका रविवारी मामांनी मला विचारलं, "पुस्तकात सगळ्यात गरीब राक्षस कोणता हाय?"

मी शोधून सांगितलं. गुडघ्याएवढा, पालीच्या तोंडाचा, एका फटक्यात मरणारा. नवशिक्यांनी हात साफ करून घ्यावा, एवढीच त्याची लायकी.

"तेच पायजेत," मामा म्हणाले. इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्यांना टिल्ली म्हटलं; एकटं असेल तर टिल्लं.

आम्हाला डोंगरातून पलीकडं जायचं होतं, आणि डोंगरात होती टिल्ल्यांची गुहा. शफी म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. त्या गुहेत आम्ही अकरा महिने होतो.

पहिल्याच दिवशी टिल्ल्यांनी बोगद्याच्या तोंडाशी ओला कडबा पेटवून त्यावर लाल मिरच्या टाकल्या. दोन डोक्यांचा राक्षस मारलेला माझा वीर नाक गळत, रडत बाहेर आला, आणि बाहेर येताच खड्ड्यात पडला.

"मामा, पुस्तकात असं काही नाही!"

"पुस्तकात नसंल. भुईमुगाच्या रानात हाय. ल्हानपणी आमी उंदराच्या बिळात असाच धूर घालायचो. हिकडून धूर, तिकडून आमी काठ्या घेऊन उभे. अन् उंदीर तिसऱ्याच भोकातून पसार. धा वर्सं म्या उंदरापशी शिकलो. तू तीनच वर्सं कॉलेजात शिकलास." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "टिल्लं हाय, येडं न्हाई!"

हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल! फौलादखान लोखंड घालून निघाला, तेव्हा टिल्ल्यांनी बोगद्याच्या काळ्या मातीत रात्रभर पाणी सोडून ठेवलेलं. आमच्याकडची काळी माती ओली झाली की बैल हलत नाही, तिथं फौलादखानाचं काय! तो मांडीपर्यंत रुतला. टिल्ली आली, आणि त्याला न मारता नुसते त्याचे बूट उपसून घेऊन गेली.

"मामू, मेरे बूट तो देव!" शफी खरोखरच ओरडला.

"आता कुठून देऊ? तेंचं लेकरू झोपलंय तुज्या बुटात."

शिंदेबाईंनी गोडीनं घ्यायचं ठरवलं. त्यांच्या जादूगारणीनं पातेलंभर खिचडी शिजवून बोगद्यात ठेवली. दुसऱ्या फेरीला पातेलं रिकामं परत आलं. घासून, पुसून.

"निरोप हाय," मामा म्हणाले. "मीठ कमी पडलं म्हनून."

बाई पुढचे दोन रविवार आल्या नाहीत. खिचडीच्या बाबतीत त्या गंमत समजून घेत नाहीत.

आमचं दुःख दुसरंच होतं. दुकान फाट्यावर, त्यामुळं एसटीची वाट पाहणारे लोक सावलीला येऊन उभे राहायचे, आणि झाडून सगळे टिल्ल्यांच्या बाजूचे. एकदा एक शेतकरी घाईघाईत आला. "मामा, मोटार झाली का? पाणी तटलंय."

"दम धर. हितं तीन मानसं मरायलीत."

तो चपापून दाराशी टेकला. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "वरून दगूड सोडा की मामा, कामून इचार करायलाव?"

मामांनी सोडला. त्या माणसाची मोटार संध्याकाळी मिळाली. पण जाताना तो जे समाधान घेऊन गेला, ते मोटारीचं नव्हतं.

मामा दुकानाच्या मागच्या खोलीत एकटे राहतात. भाऊ पुण्याकडं गेले, मामी जाऊन बरीच वर्षं झाली. फाट्यावर माणूस येतो तो पुढं जायलाच; मामांच्या दारातून दिवसभर जग एसटीत चढत असतं. पण मामा कधी उदास दिसले नाहीत. मोटारीच्या पंख्याच्या झाकणात फासे खुळखुळवत ते विचारायचे, "रईवारी येनार न्हवं? टिल्ली वाट बगायलीत."

मग माझी नेमणुकीची ऑर्डर आली. गडचिरोलीला, पुढच्या बुधवारी हजर व्हायचं. घरात पेढे वाटले. मी पेढा घेऊन दुकानात गेलो आणि म्हणालो, "मामा, येता रविवार शेवटचा. मला गुहेतून पलीकडं पडायचंय. मेलो तरी चालेल, पण अर्ध्यात सोडून जायचं नाही."

मामा पेढा हातात धरून बसले. अंगठ्यावरचं वाळलेलं वार्निश खरवडत राहिले. "बगू," म्हणाले. "टिल्ल्यांला इचारतो."

रविवारी आम्ही तिघंही पूर्ण तयारीनं गेलो. दोर, मशाली, नाकाला ओली फडकी.

"पुढं खड्डा आहे का?" मी भाल्यानं चाचपत विचारलं.

"न्हाई."

"वर दगड?"

"न्हाई."

"धूर?"

"कायच न्हाई."

यानं आम्ही फारच घाबरलो. मोकळ्या बोगद्यात एकेक पाऊल चाचपत आम्ही तासभर घालवला. शफीनं तर एका भिंतीला तीन वेळा विचारलं की तू भिंतच आहेस ना. शेवटी मोठी गुहा आली. समोर सगळी टिल्ली ओळीनं उभी. मी तलवार उपसली.

"आदी तेंच्या हातात काय हाय ते इचार," मामा म्हणाले.

"काय आहे?"

"धपाटे. फडक्यात बांधलेले. दोगंजन तुजी पिशवी घ्यायलीत. एक म्हातारं टिल्लं म्हनायलंय, तिकडं पानी जड हाय, उकळून पी."

शिंदेबाईंनी पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "मामा, मी त्यांना मारायला आलो होतो."

"आकरा महिने दर रईवारी यायलास. तेंच्या गावचाच झालास की. गावातलं लेकरू नोकरीला चाललं तर फाट्यापतूर सोडाया येत न्हाईत का मानसं?"

टिल्ल्यांनी आम्हाला गुहेच्या दुसऱ्या तोंडापर्यंत पोचवलं. बाहेर ऊन होतं. आम्ही डोंगरापलीकडं पडलो होतो. जिंकलो होतो बहुतेक.

"टिल्ली बाहेर येत न्हाईत," मामा म्हणाले. "तोंडाशीच उभी हायेत. आता फासा टाक."

"कशासाठी?"

"तू मागं वळून बगतुस का न्हाई, त्येच्यासाठी."

"त्याला फासा कशाला? बघतोच की."

"टाक. नियम हाय."

मी झाकणात वीस बाजूंचा फासा टाकला. तो गरगरला आणि थांबला. दोन. मला स्पष्ट दिसला. शफी वाकून बघणार, एवढ्यात मामांनी त्यावर पंजा ठेवला. अकरा महिन्यांत त्यांनी एकदाही फासा झाकला नव्हता.

"अठरा," मामा म्हणाले. "बगितलंस तू. लय येळ बगितलंस."